एक ठेका, अनेक कंठ

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

२००२ साली लंडनच्या ग्रीनस्लीव्हज या ध्वनिमुद्रिका कंपनीने ‘दिवाळी’ नावाचा एक गीतसंग्रह प्रसिद्ध केला. नाव आपल्या ओळखीचे असले तरी संग्रह जमैकाचा होता. कॅरिबियन समुद्रातील या लहानशा बेटावरच्या निरनिराळ्या गायकांची गाणी त्यात होती आणि त्या सर्व गाण्यांना साथ मात्र एकच होती. तोच ढोलाचा आघात, त्याच आडलयीतल्या टाळ्या; प्रत्येक गाण्यागणिक बदलत होते ते गायक, शब्द आणि चाल. जमैकात अशा सामाईक साथीला ‘रिदिम’ म्हणतात, आणि गाण्याच्या ज्या शैलीत ही पद्धत पूर्णत्वाला गेली ती ‘डान्सहॉल’ या नावाने ओळखली जाते. एरवी आपण एका गायकाच्या अनेक गाण्यांचा संग्रह पाहतो. येथे एका ठेक्यावरच्या अनेक गायकांचा संग्रह असतो. असे शेकडो संग्रह त्या बेटावर निघाले आहेत.

समाजवादी कार्यकर्त्यांच्या बैठकीत नाचगाण्याच्या तबकड्यांचे काय काम, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर असे की, अनेकांच्या श्रमातून निर्माण झालेली वस्तू कोणाची, हा आपल्या विचाराचा मूळ प्रश्न या संग्रहांत फार उघडेपणाने समोर येतो. एक ठेका वीस जण वापरतात. त्यामुळे तो झिजत नाही, उलट वाढतो. ही झाली एक बाजू. पण त्या ठेक्याची कमाई त्या प्रमाणात वाटली जात नाही, आणि ज्याने तो पहिल्यांदा वाजवला त्याच्या हाती तर बहुधा काहीच लागत नाही. ही दुसरी बाजू. वापर सर्वांचा आणि वाटा थोड्यांचा, असा हा व्यवहार आहे. तो कसा घडला आणि त्यावर उपाय काय असू शकेल, एवढाच आजचा विषय.

अंगणातले नाचघर

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतील माणसाला क्लबात जाऊन वाद्यवृंद ऐकणे परवडत नसे. त्याच्यासाठी मोकळ्या अंगणांत आणि कुंपण घातलेल्या जागांत, मोठमोठे ध्वनिवर्धक लावून तबकड्या वाजवणारे फिरते संच उभे राहिले. त्यांना ‘साउंड सिस्टीम’ म्हणत. प्रवेशाचे थोडे पैसे आणि मद्याची विक्री यांवर संचमालकाचा धंदा चाले. सुरुवातीला तबकड्या अमेरिकेतून येत. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतली आवड बदलली आणि किंग्स्टनच्या नाचणाऱ्यांना हव्या तशा तबकड्या मिळेनाशा झाल्या. तेव्हा क्लेमंट डॉड, ड्यूक रीड यांच्यासारख्या संचमालकांनी स्थानिक वादकांना बोलावून स्वतःच ध्वनिमुद्रण सुरू केले. ६ ऑगस्ट १९६२ रोजी जमैका स्वतंत्र झाला आणि पुढच्याच वर्षी डॉडने ब्रेंटफर्ड रोडवर ‘स्टुडिओ वन’ उघडला.

त्या काळातील नामवंत वादकांपैकी अनेक जण किंग्स्टनच्या अल्फा बॉइज स्कूलमध्ये वाद्ये शिकले होते. निराधार मुलांसाठी कॅथलिक जोगिणींनी चालवलेली ही संस्था होती. तेथून बाहेर पडलेला तरुण उत्तम तुतारी किंवा सॅक्सोफोन वाजवी. पण त्याच्या गाठीशी दुसरे काही नसे. स्टुडिओत त्याला गाण्यागणिक किंवा आठवड्याच्या बोलीवर ठरीव रक्कम मिळे, आणि त्याचा हिशेब तेथेच संपे. मुद्रित फीत मालकाची होई. जॅकी मिटूसारखा कीबोर्डवादक आणि लिरॉय सिब्ल्ससारखा बेस गिटारवादक यांनी स्टुडिओ वनमध्ये रचलेल्या ठेक्यांवर पुढे कित्येक दशके नवनवी गाणी होत राहिली. साउंड डायमेन्शन या स्टुडिओच्या वादकसंचाने १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात वाजवलेल्या ‘रियल रॉक’ या एकाच रचनेवर शेकडो गाणी झाली आहेत. वादकांचे काम एका दिवसाचे होते. त्या कामाचे उत्पन्न मात्र अर्ध्या शतकाचे ठरले. गिरणी कामगाराच्या बाबतीत ज्याला आपण वरकड मूल्य म्हणतो, त्याचे इतके लांबलेले उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

साथ सुटी झाली

आता साथ गाण्यापासून सुटी कशी झाली ते पाहू. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तबकडीच्या मागच्या बाजूला त्याच गाण्याची, गायकाचा आवाज वगळलेली साथ मुद्रित करण्याची रीत पडली. नाचणाऱ्यांना ती आवडली. साउंड सिस्टीमवर ध्वनिक्षेपक हातात घेऊन तबकडीवर लयबद्ध बोलणारा एक कलावंत आधीपासून असेच. त्याला तेथे ‘डीजे’ म्हणत. तबकड्या निवडून लावणारा तो ‘सिलेक्टर’ निराळा. या डीजेला आता बोलण्यासाठी मोकळे मैदान मिळाले. १९७० मध्ये यू-रॉय या डीजेने ड्यूक रीडच्या जुन्या ठेक्यांवर आपले बोल मुद्रित केले आणि ती गाणी जमैकाच्या लोकप्रियतेच्या यादीत एकदमच वरच्या क्रमांकांवर जाऊन बसली. शिकलेला गळा नसलेल्या, वाद्य विकत घेण्याची ऐपत नसलेल्या, पण जिभेवर शब्द असलेल्या वस्तीतल्या तरुणाला त्या दिवसापासून संगीताचे दार उघडले. १९७४ मध्ये रुपी एडवर्ड्स या निर्मात्याने ‘यामाहा स्कँक’ नावाची लांब तबकडी काढली. स्लिम स्मिथ आणि युनिक्स यांच्या एका जुन्या गाण्याची साथ घेऊन तीवरच सगळी गाणी केली होती. एकाच रिदिमच्या संग्रहाचा आरंभ सामान्यतः येथून मानला जातो.

या पद्धतीमागे दोन कारणे होती आणि ती नीट वेगळी केली पाहिजेत. निर्मात्याचे कारण काटकसरीचे होते. वादकांना पुन्हा बोलावण्याचा खर्च वाचे. आधीच मोल चुकते केलेल्या फितीतून दहा, पंधरा, वीस गाणी निघत. लोकांचे कारण मात्र निराळे होते. ओळखीच्या ठेक्यावर नवा माणूस काय नवे म्हणतो, याची त्यांना उत्सुकता असे. सिलेक्टर एकाच ठेक्याची गाणी एकामागून एक लावी. नाच न थांबता गायक बदलत. आदल्याने जे म्हटले त्याला पुढचा उत्तर देई, त्याची थट्टा करी किंवा त्याच्यावर कडी करी. सामाईक ठेका ही त्या समाजाची चावडी झाली. निर्मात्याची काटकसर आणि वस्तीची ही गोष्टवेल्हाळ वृत्ती यांची गाठ पडली, त्यातून ही कला जन्मली. भांडवलाच्या हिशेबातून लोकांनी आपल्यापुरती एक सामाईक जागा काढून घेतली, हे तिचे खरे मोठेपण आहे.

यंत्राचे युग

१९८५ मध्ये या व्यवहाराने आणखी एक वळण घेतले. किंग्स्टनमध्ये नोएल डेव्ही या तरुणाकडे जपानच्या कॅसिओ कंपनीचा एमटी-४० हा लहान, घरगुती कीबोर्ड होता. त्यात एक बटण दाबले की आपोआप वाजणारा ‘रॉक’ नावाचा तयार ठेका होता. डेव्ही आणि गायक वेन स्मिथ यांनी तो हेरला. प्रिन्स जामी या निर्मात्याने त्याची गती कमी करून त्यावर गाणे बसवले. ‘स्लेंग टेंग’ या नावाने तो ठेका प्रसिद्ध झाला. फेब्रुवारी १९८५ मध्ये एका चढाओढीत जामीच्या संचाने तो वाजवला आणि त्या रात्रीपासून जमैकाच्या संगीतात यंत्रनिर्मित ठेक्यांचे युग सुरू झाले असे मानतात. त्याच वर्षी जामीने या एकाच ठेक्यावरचा निरनिराळ्या गायकांचा संग्रहही काढला. तो मूळ ठेका कॅसिओत १९८० साली नोकरीला लागलेल्या हिरोको ओकुदा या तरुण महिलेने तयार केला होता. संगीताच्या शिक्षणात तिने आपल्या प्रबंधासाठी जमैकाचेच रेगे संगीत निवडले होते. म्हणजे किंग्स्टनचे सूर तोक्योला गेले, तेथील एका पगारी कर्मचारी स्त्रीच्या हातून यंत्रात शिरले आणि त्या यंत्रातून पुन्हा किंग्स्टनला आले. त्या स्त्रीचे नाव नाचणाऱ्यांना कित्येक वर्षे ठाऊकही नव्हते.

हे १९८५ मध्येच का घडले, याचा विचार करताना त्या देशाचे राजकारण विसरून चालणार नाही. १९७२ मध्ये मायकल मॅन्ली यांचा पीपल्स नॅशनल पार्टी हा पक्ष सत्तेवर आला. त्या निवडणुकीच्या प्रचारात अनेक लोकप्रिय गायक सामील झाले होते. १९७४ मध्ये त्या पक्षाने लोकशाही समाजवादाची घोषणा केली. परंतु तेलाची भाववाढ, भांडवलाचे पलायन आणि परकीय चलनाची टंचाई यांमुळे १९७७ मध्ये सरकारला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दारात उभे राहावे लागले. १९८० च्या निवडणुकीच्या वर्षात राजकीय हिंसाचारात सुमारे आठशे माणसे मेली आणि एडवर्ड सियागा यांचा जमैका लेबर पार्टी हा पक्ष निवडून आला. सियागा स्वतः एके काळी ध्वनिमुद्रिकांच्या धंद्यात होते, हा योगायोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे. त्यांच्या कारकिर्दीत सरकारी खर्चाला कात्री लागली आणि चलनाचे अवमूल्यन झाले. अशा काळात वाद्यवृंद पोसणे कोणाला परवडणार होते? एका स्वस्त यंत्राने दहा वादकांचे काम केले. ज्या बेकार तरुणाला स्टुडिओचे दार कधी उघडले नसते त्याला ते यंत्रामुळे उघडले, आणि ज्या वादकाचे पोट स्टुडिओवर होते त्याला त्याच यंत्रामुळे ते बंद झाले. यंत्राचा दोष नव्हे; यंत्र कोणाच्या हिशेबात बसवले गेले, हा प्रश्न आहे.

‘दिवाळी’ आणि ‘कुली’

आता पुन्हा ‘दिवाळी’कडे येऊ. हा ठेका स्टीव्हन मार्सडेन या निर्माता-वादकाने रचला; संगीताच्या जगात तो ‘लेंकी’ या नावाने ओळखला जातो. त्याची पद्धत आजच्या कोणत्याही रिदिमच्या निर्मात्याचीच आहे. निर्माता ठेका तयार करतो आणि तो पसंतीच्या गायकांना ऐकवतो. प्रत्येक जण आपापले शब्द व चाल बांधून स्टुडिओत येतो आणि त्या तयार साथीवर आपला आवाज मुद्रित करतो. एकाच्या गाण्यात काय आहे हे दुसऱ्याला पुष्कळदा माहीतही नसते. मग ही गाणी सुट्या तबकड्यांतून बाजारात येतात, नाचघरांत एकापाठोपाठ एक वाजतात, आणि ज्यांना लोक उचलून धरतात ती टिकतात. शेवटी ती सर्व एका संग्रहात गोळा होतात. ‘दिवाळी’वर शॉन पॉलने नाचाचे, वेन वंडरने प्रेमाचे आणि बाउंटी किलरने ‘सफरर’, म्हणजे हाल सोसणाऱ्या गरिबाचे गाणे केले. ठेका तोच, परंतु एका गाण्यात तो उत्सव वाटतो, दुसऱ्यात आर्जव वाटतो आणि तिसऱ्यात तक्रार. मे २००३ मध्ये शॉन पॉलचे ‘गेट बिझी’ अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या लुमिडी या तरुण गायिकेचे त्याच ठेक्यावरचे गाणेही तेथे गाजले.

या ठेक्याला दिवाळीचे नाव आहे, पण त्यावरच्या या गाजलेल्या गाण्यांचा त्या सणाशी संबंध नाही. तरीही जमैकाच्या भाषेत हा शब्द कोठून आला, याला इतिहास आहे. १८३८ मध्ये गुलामगिरी पूर्णपणे संपल्यावर मुक्त झालेले कृष्णवर्णीय लोक उसाच्या मळ्यांवर मालकाच्या अटींनी राबायला तयार होईनात. त्यांची सौदाशक्ती मोडण्यासाठी मळेवाल्यांनी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर आणले. पहिले जहाज मे १८४५ मध्ये ओल्ड हार्बर येथे लागले आणि १९१७ च्या सुमारास ही वाहतूक बंद होईपर्यंत सुमारे छत्तीस हजार माणसे त्या बेटावर गेली. त्यांतली बहुतेक उत्तर हिंदुस्थानातील, आजच्या बिहार व उत्तर प्रदेशातील होती. आपले सण त्यांनी बरोबर नेले. मालकाने त्यांना दिलेले नाव ‘कुली’ हे होते. २००३ मध्ये ‘कुली डान्स’ नावाचा दुसरा एक रिदिम निघाला आणि त्याच्यावरचीही गाणी जगभर वाजली. जमैकात ‘कुली’ हा शब्द भारतीय वंशाच्या माणसासाठी वापरला जातो आणि त्यांतील अनेकांना तो अपमानाचा वाटतो. मजुराचा सण आणि मजुराला दिलेली शिवी ही दोन्ही नाचघरात पोचली. मजूर मात्र त्या गाण्यांत कोठे दिसला नाही. संगीताच्या पाट्यांवर श्रमाचा इतिहास असा अर्धवट पुसलेल्या अक्षरांत राहतो.

वाट्याचा हिशेब

मित्रहो, या व्यवहारात माणसाचे काय होते, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. १९८२ मध्ये सिस्टर नॅन्सी या तरुणीने विन्स्टन रायली या निर्मात्यासाठी ‘बॅम बॅम’ हे गाणे केले. पुरुषांच्या त्या दुनियेत ध्वनिक्षेपक हातात घेणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांत तिची गणना होते. ज्या ठेक्यावर ते गाणे झाले तो ‘स्टॅलॅग’ हा ठेका १९७३ च्या सुमारास ॲन्सेल कॉलिन्स या वादकाच्या हातून आलेला होता आणि त्यावरही पुढे असंख्य गाणी झाली. ‘बॅम बॅम’ पुढील तीस वर्षे चित्रपटांतून, इतरांच्या गाण्यांतून आणि नाचघरांतून जगभर वाजत राहिले. त्या काळात तिला त्याचे मोल मिळाले नाही. ती अमेरिकेत गेली आणि एका बँकेत हिशेबनीस म्हणून नोकरी करू लागली. दुसऱ्यांच्या पैशाचा हिशेब ठेवणाऱ्या या स्त्रीच्या स्वतःच्या गाण्याचा हिशेब कोठेच नव्हता. २०१४ मध्ये बुटांच्या एका जाहिरातीत ते गाणे ऐकू आल्यावर तिने कायद्याचा आधार घेतला. तेव्हा कोठे तिला हक्काचा अर्धा वाटा आणि मागील काही वर्षांची रक्कम मिळाली. तिच्याजवळ वकिलापर्यंत जाण्याचे बळ होते म्हणून एवढे तरी झाले. ज्यांच्याजवळ ते नव्हते असे किती वादक दारिद्र्यात मेले, याची नोंद कोणत्या वहीत सापडणार?

यावर सरकारने काय केले? १९९३ पर्यंत जमैकात ब्रिटिश साम्राज्याच्या १९११ च्या कायद्यावरच भागवले जात होते. १९९३ मध्ये स्वतंत्र देशाने आपला स्वामित्वहक्काचा कायदा केला. २०१५ मध्ये दुरुस्ती करून हक्काची मुदत ९५ वर्षे करण्यात आली. वरवर पाहता हा कलावंतांचा विजय वाटेल. परंतु हक्काची मुदत वाढल्याने लाभ होतो तो ज्याच्या नावावर हक्क आहे त्याचा. ज्या वादकाने १९६८ मध्ये ठरीव मजुरीवर ठेका वाजवला आणि ज्याचे नाव कोणत्याही कागदावर नाही, त्याच्या दृष्टीने पन्नास काय आणि पंचाण्णव काय, दोन्ही शून्यच. शिवाय परदेशात मिळणारी मुदत त्या त्या देशाच्या कायद्याप्रमाणे ठरते. आपल्या घरात मात्र परक्याच्या हक्काचेही रक्षण ९५ वर्षे करणे आले. २०१८ मध्ये युनेस्कोने जमैकाच्या रेगे संगीताला मानवजातीचा वारसा म्हणून मान्यता दिली. मानवजातीने त्याबद्दल आनंद व्यक्त केला. कोणाचे देणे त्यामुळे फिटले नाही.

२०२१ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात एक मोठा दावा दाखल झाला. स्टीली आणि क्लीव्ही या जोडीने १९८९ मध्ये ‘फिश मार्केट’ नावाचा ठेका रचला होता. लॅटिन अमेरिकेत लोकप्रिय झालेल्या रेगेटोन या शैलीतील दीड हजाराहून अधिक गाणी त्याच ठेक्यावर उभी आहेत, असे क्लीव्ही आणि दिवंगत स्टीलीचे वारस यांचे म्हणणे आहे. मे २०२४ मध्ये न्यायालयाने हा दावा आरंभीच निकालात काढण्यास नकार दिला. या दाव्याकडे पाहताना मनाची ओढाताण होते. एका बाजूला बलाढ्य कंपन्या आहेत आणि दुसऱ्या बाजूला मेहनतीने काम करणारे वादक. तेव्हा सहानुभूती कोणाकडे जावी हे सांगायला नको. पण हे दोघेही ज्या शाळेत शिकले ती शाळा सामाईक ठेक्यांची होती. स्टुडिओ वनचे जुने ठेके नव्याने वाजवून त्यांनी स्वतःही काम केले आहे. एखाद्या ठेक्यावर कोणा एकाची पूर्ण मालकी मान्य झाली, तर उद्या वस्तीतल्या एखाद्या मुलाला तोंड उघडण्यापूर्वी परवानगी मागावी लागेल. ज्या दारातून डीजे आत आला, ते दारच बंद होईल.

बॉक्साइटचा धडा

या प्रश्नावर दोन मते नेहमी मांडली जातात. पहिले असे की, लोकसंगीत सर्वांचे असते, त्यात मालकी आणि मोबदल्याची भाषा आणू नये. हे मत मांडणारा बहुधा स्वतः पगारदार असतो. दुसरे मत असे की, प्रत्येक ठेक्याला कुंपण घालावे आणि वापरणाऱ्याकडून भाडे घ्यावे. हे मत मांडणाऱ्याला कुंपणाच्या आत शेवटी कोण राहते याचा विसर पडतो. हक्क विकत घेण्याची ऐपत असलेली कंपनीच तेथे राहते. २००८ मध्ये ग्रीनस्लीव्हज ही कंपनी न्यूयॉर्कच्या व्हीपी रेकॉर्ड्सने विकत घेतली, तेव्हा ठेक्यांचा सारा साठा तिच्याबरोबर गेला. वापराचा हक्क आणि वाट्याचा हक्क या दोन निराळ्या गोष्टी आहेत, ही साधी बाब दोन्ही मते विसरतात.

जमैकाच्याच इतिहासात यावरचा एक धडा आहे. त्या बेटाच्या तांबड्या मातीत बॉक्साइट आहे. त्यापासून ॲल्युमिनियम होते. परदेशी कंपन्या मातीच्या भावाने ती नेत आणि नफा आपल्या देशात मोजत. १९७४ मध्ये मॅन्ली सरकारने खाणी बंद केल्या नाहीत किंवा माती नेऊ नका असेही म्हटले नाही. त्यांनी अशी लेव्ही बसवली की, सरकारचा वाटा ॲल्युमिनियमच्या लगडीच्या विक्रीकिमतीच्या साडेसात टक्के या हिशेबाने ठरावा. कच्च्या मालाचे मोल पक्क्या मालाच्या किमतीशी बांधले गेले. सुटा ठेका हे संगीतातील बॉक्साइट आहे. किंग्स्टनमध्ये तो ठरीव मजुरीच्या भावाने खणला जातो. त्याचे ॲल्युमिनियम न्यूयॉर्क आणि लंडन येथे होते. तेव्हा उपाय असा हवा: ठेक्याचा वापर खुला राहावा, त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नसावी, पण त्यावरचे गाणे ज्या दिवशी विकले जाईल, प्रसारित होईल किंवा जाहिरातीत वाजेल त्या दिवशी त्या अंतिम उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा ठेका वाजवणाऱ्या, रचणाऱ्या आणि गाणाऱ्या माणसांकडे कायद्यानेच जावा. हा हिस्सा कोणत्याही करारपत्राने विकता येऊ नये. गरजू माणसाने आज सही केली म्हणून उद्याची भाकर गमवावी, असे होता कामा नये.

हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. भारताच्या संसदेने २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात जी दुरुस्ती केली, तिच्यानुसार चित्रपटातील गीतकार व संगीतकार यांना रॉयल्टीचा आपला हक्क निर्मात्याच्या नावे लिहून देता येत नाही. तो वारसांकडे किंवा हक्कधारकांच्या सोसायटीकडेच जाऊ शकतो. अंमलबजावणीचा झगडा निराळा. पण तत्त्व कायद्यात आले आहे. ज्या जुन्या वादकांची नावे आता सापडणार नाहीत, त्यांचा हिस्सा एका सामाईक निधीत जमा करावा आणि तो वृद्ध कलावंतांच्या औषधपाण्यासाठी व अल्फासारख्या शाळांसाठी खर्च व्हावा. बॉक्साइटच्या लढ्याने आणखीही एक गोष्ट शिकवली. कंपन्यांनी जमैकातील उत्पादन कमी केले आणि दुसऱ्या देशांकडे मोर्चा वळवला. एकट्या देशाने लढून भागत नाही. उत्पादक देशांची संघटना १९७४ मध्ये निघाली, पण तिच्यात फूट पाडणे भांडवलाला जड गेले नाही. संगीताच्या बाबतीतही कॅरिबियन, लॅटिन अमेरिका, आफ्रिका आणि आशिया येथील कलावंतांच्या संघटना एकत्र आल्याशिवाय हा वाटा पदरात पडणार नाही.

एक इशारा मात्र दिला पाहिजे. सामाईक ठेका म्हणजे आपोआप न्याय्य समाज नव्हे. डान्सहॉलच्या काही गाण्यांनी बंदुकीचा गौरव केला, स्त्रीला उपभोगाची वस्तू मानले, आणि काहींनी समलिंगी व्यक्तींना ठार मारण्याची भाषा उघडपणे वापरली. गरिबांची कला म्हणून त्याकडे डोळेझाक करणे हा गरिबांचा अपमान आहे. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा कायदा ब्रिटिश राजवटीने १८६४ मध्ये त्या बेटावर लादला होता. गुलामांच्या वंशजांनी मालकाचा तो पूर्वग्रह आपला मानावा, ही वसाहतवादाची खोल जखम आहे. पण याच पद्धतीत उत्तर देण्याची सोयही आहे. ज्या ठेक्यावर एकाने द्वेष गायला, त्याच ठेक्यावर दुसऱ्याला त्याचा प्रतिवाद करता येतो. नॅन्सीसारख्या स्त्रिया याच मार्गाने पुढे आल्या. म्हणूनही ठेका खुला राहिला पाहिजे.

‘दिवाळी’च्या त्या टाळ्यांवर उद्या किंग्स्टनच्या एखाद्या वस्तीतील मुलीने नवे गाणे केले, तर तिला कोणी अडवू नये. तिचे गाणे जगात वाजले, तर त्याची कमाई तिच्यापर्यंत आणि टाळ्यांचा तो आकृतिबंध ज्याने रचला त्याच्यापर्यंत पोचावी, आणि ती पोचते की नाही हे पाहणारी संघटना त्यांची स्वतःची असावी. ठेका सर्वांचा राहावा आणि घाम ज्याचा त्याच्या हिशेबी लिहिला जावा, एवढीच ही मागणी आहे. आपल्या चळवळीने जमीन, गिरणी आणि खाण यांबद्दल जे मागितले, त्याहून ती निराळी नाही.